आंतरराष्ट्रीय फौजदारी न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेगहून कुणाविरुद्ध वॉरंट निघाले की तेच प्रश्न नव्याने येऊ लागतात. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अपवादांचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तो प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. हेगमध्ये दोन न्यायालये आहेत ना? बातमीतले कुठले ते कसे ओळखायचे?

आंतरराष्ट्रीय न्यायालय (आयसीजे) हे संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे. तिथे देश देशाविरुद्ध दावा लावतो. गाम्बियाने म्यानमारविरुद्ध २०१९ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध २०२३ मध्ये दाखल केलेली प्रकरणे तिथली. त्यातून कुणी तुरुंगात जात नाही, देशाची जबाबदारी ठरते.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी) वेगळे. ते संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झालेल्या आणि १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या रोम करारावर ते उभे आहे. तिथे १८ न्यायाधीश असतात, प्रत्येकाची मुदत ९ वर्षे. आरोपी नेहमी माणूस असतो. देश, पक्ष किंवा कंपनी नाही. बातमीत 'वॉरंट' आणि 'आरोपी' असे शब्द असतील तर बहुधा आयसीसी, 'हंगामी उपायांचे आदेश' असतील तर आयसीजे.

२. आयसीसीत कोणत्या गुन्ह्यांचे खटले चालतात?

चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा (एका देशाने दुसऱ्यावर बेकायदा सशस्त्र हल्ला करणे). दहशतवाद, अमली पदार्थांची तस्करी, भ्रष्टाचार हे त्यात नाहीत. स्फोटात शेकडो माणसे मारली गेली तरी ते कृत्य या चारपैकी एका व्याख्येत बसवून दाखवावे लागते. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी नागरिकांवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला लागतो, आणि त्यामागे एखाद्या राज्याचे वा संघटनेचे धोरण. युद्ध चालू असण्याची अट नाही. युद्धगुन्ह्यासाठी मात्र सशस्त्र संघर्ष असावाच लागतो.

३. हजारो माणसे मारली गेली तरी 'वंशसंहार' म्हणायला न्यायालये का कचरतात?

कारण वंशसंहार मृतांच्या संख्येवर ठरत नाही, हेतूवर ठरतो. १९४८ च्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, मानववंशीय किंवा धार्मिक गट, त्या गटाचा म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट त्या यादीत नाहीत. एखाद्या पक्षाच्या लाखभर समर्थकांची हत्या झाली तर तो मानवतेविरुद्धचा गुन्हा होईल, वंशसंहार बहुधा नाही.

हेतू कागदावर क्वचितच सापडतो. तो आदेशांची साखळी, एकाच पद्धतीने वारंवार झालेली कृत्ये, भाषणे, प्रेतांची विल्हेवाट, बायकामुलांना दिलेली वागणूक यांवरून काढावा लागतो, आणि त्या सगळ्यातून निघणारा तो एकच वाजवी निष्कर्ष असावा लागतो. 'त्यांना या भागातून हाकलायचे होते' असा दुसरा निष्कर्षही तितकाच पटत असेल तर वंशसंहाराचा आरोप कोसळतो.

रवांडासाठीच्या न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी ज्याँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखाला दोषी ठरवले. वंशसंहाराबद्दल कोणत्याही आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या न्यायालयाने दिलेला तो पहिला निकाल. बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, हेही त्याच निकालात मान्य झाले. उलट बोस्नियात वर्षानुवर्षे अत्याचार चालले, तरी न्यायालयांनी वंशसंहार मानला तो जुलै १९९५ मधल्या स्रेब्रेनित्सापुरता, जिथे ८,००० हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. बाकी ठिकाणच्या कृत्यांबद्दल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांखाली जबर शिक्षा झाल्या. 'फक्त' मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला म्हणून हळहळणे म्हणूनच अस्थानी आहे. शिक्षेची कमाल मर्यादा तीच असते.

४. जो देश सदस्य नाही, त्याच्या नागरिकावर वॉरंट कसे निघते?

सुमारे सव्वाशे देश सदस्य आहेत. अमेरिका, चीन, रशिया, भारत, इस्रायल नाहीत. पण अधिकार दोन गोष्टींवर ठरतो: गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर झाला का, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक आहे का. यांतली एक पुरते. युक्रेन १ जानेवारी २०२५ पासून सदस्य झाला. त्याआधीही त्याने जाहीरनाम्याद्वारे न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता. त्यामुळे युक्रेनच्या भूमीवरून मुलांना बेकायदा हलवल्याच्या आरोपाखाली १७ मार्च २०२३ रोजी व्लादिमीर पुतिन यांच्यावर वॉरंट निघू शकले.

तिसरी वाट सुरक्षा परिषदेची. परिषद सदस्य नसलेल्या देशाचे प्रकरणही पाठवू शकते. तसे दोनदाच झाले: २००५ मध्ये सुदानमधले दारफूर आणि २०११ मध्ये लिबिया. सीरियाचे प्रकरण पाठवण्याचा ठराव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून रोखला.

याच नियमातून एक चलाख वाट निघाली. म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश आहे. रोहिंग्यांना सीमेपार हाकलण्याचे कृत्य सुरू झाले म्यानमारमध्ये, पण पुरे झाले बांगलादेशच्या भूमीवर. तेवढ्या आधारावर १४ नोव्हेंबर २०१९ रोजी तपासाला परवानगी मिळाली. म्यानमारच्या आतच सुरू होऊन तिथेच संपलेल्या हत्या या वाटेने येत नाहीत.

आक्रमणाचा गुन्हा या सगळ्याला अपवाद आहे. सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकावर तो आरोप आयसीसीत ठेवता येत नाही. फक्त सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवले तरच. म्हणूनच युक्रेन आणि युरोप परिषदेने जून २०२५ मध्ये त्या एका गुन्ह्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा करार केला.

५. देशात स्वतःची न्यायालये असताना आयसीसी मध्ये का पडते?

नियमाने ते शेवटी येते. देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर आयसीसीने बाजूला व्हायचे. देशाची इच्छा नसेल किंवा क्षमताच नसेल तरच प्रकरण ग्राह्य ठरते. नुसते 'आम्ही चौकशी करतो आहोत' म्हणून भागत नाही. तोच माणूस, मूलतः तेच कृत्य आणि प्रत्यक्ष चाललेला तपास दाखवावा लागतो: जबाब, नोंदी, न्यायालयीन आदेश.

लिबियाच्या बाबतीत एकाच देशाला दोन वेगळी उत्तरे मिळाली. गुप्तचर प्रमुख अब्दुल्ला अल-सेनुसी यांचा खटला लिबियातच चालू द्यावा, असे ठरले. सैफ अल-इस्लाम गद्दाफी यांच्या बाबतीत नाही, कारण ते झिंतानमधल्या एका सशस्त्र गटाच्या ताब्यात होते आणि सरकारला त्यांना स्वतःच्या कोठडीत आणता येत नव्हते.

६. वॉरंट निघाल्यापासून निकालापर्यंत काय काय होते?

प्रत्येक टप्प्यावर पुराव्याची अपेक्षा वाढत जाते. वॉरंटसाठी 'मानण्यास वाजवी कारण' पुरते. आरोपनिश्चितीसाठी 'भक्कम आधार' लागतो. दोषी ठरवायला वाजवी शंकेपलीकडचा पुरावा. वॉरंट म्हणजे दोषारोप सिद्ध झाला, असे समजणाऱ्यांनी हे तीन टप्पे लक्षात ठेवावेत.

आरोपी हेगला आला की पहिली हजेरी होते: ओळख पटवणे, आरोप सांगणे, भाषा आणि वकील ठरवणे. मग तीन न्यायाधीशांपुढे आरोपनिश्चिती. इथेच प्रकरण संपूही शकते; बहर अबू गर्दा (२०१०) आणि कॅलिक्स्ट म्बारुशिमाना (२०११) यांच्यावरचे आरोप निश्चित झाले नाहीत. पुढचा खटला वेगळ्या तीन न्यायाधीशांपुढे चालतो आणि दोघांचे मत जुळले तरी निकाल होतो. अपील पाच जणांपुढे. काँगोचे माजी उपाध्यक्ष ज्याँ-पियेर बेम्बा २०१६ मध्ये दोषी ठरले आणि जून २०१८ मध्ये अपिलात निर्दोष सुटले.

७. न्यायालयाकडे पोलीस नाहीत, मग अटक कोण करते?

सदस्य देशाचे पोलीस. सगळी व्यवस्था इथे टिकते नाही तर इथेच मोडते.

न्यायालय संबंधित देशाला विनंती पाठवते. देशाने सदस्य होताना जो मार्ग कळवलेला असतो त्या मार्गाने, बहुधा परराष्ट्र किंवा न्याय मंत्रालयाकडे. सोबत वॉरंटची प्रत, आरोपीची ओळख पटवणारी माहिती, तो कुठे असू शकतो ते आणि देशाच्या कायद्याला लागणारी कागदपत्रे असतात. घाई असेल तर आधी तात्पुरत्या अटकेची विनंती जाते. मग पूर्ण कागद ६० दिवसांत पोचले नाहीत तर आरोपी सुटू शकतो. इंटरपोलची रेड नोटीस ही स्वतः वॉरंट नव्हे. ती फक्त 'हा हवा आहे' एवढे सांगते. अटकेचा अधिकार त्या देशाच्या कायद्यातून यावा लागतो.

अटक झाल्यावर स्थानिक न्यायाधीश तीन गोष्टी तपासतो: वॉरंट याच माणसाचे आहे का, अटक रीतसर झाली का, त्याचे हक्क पाळले का. वॉरंट काढणे योग्य होते का, हे तपासण्याचा त्याला अधिकार नाही.

बिघडते कुठे? बऱ्याचदा देशातल्या कायद्यात. करारावर सही केली, पण अंमलबजावणीचा कायदा अपुरा ठेवला, किंवा पोलीस आणि मंत्रालय यांच्यात कोणी कोणाला कधी कळवायचे ते ठरवले नाही. इटलीत जानेवारी २०२५ मध्ये लिबियाचे अधिकारी ओसामा अल्मसरी न्जीम तुरिनमध्ये पकडले गेले. अटकेआधी न्यायमंत्र्यांना कळवले नव्हते, या कारणावरून रोमच्या अपील न्यायालयाने त्यांना सोडले आणि सरकारी विमानाने ते लिबियाला परत गेले. अटक आणि सुटका यांत जेमतेम दोन दिवस. याउलट फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी मनिलात अटक झाली आणि त्याच दिवशी विमान निघाले. कागदपत्रांपेक्षा सरकारची इच्छा जास्त काम करते, हे दोन्हीकडे दिसते.

८. राष्ट्रप्रमुखाला अटकेपासून संरक्षण नसते का?

कोणत्या न्यायालयापुढे, यावर उत्तर बदलते. दुसऱ्या देशाच्या न्यायालयापुढे पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला, पंतप्रधानाला आणि परराष्ट्रमंत्र्याला संरक्षण असते. परराष्ट्रमंत्र्याबाबत आयसीजेने २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम प्रकरणात तसे स्पष्ट केले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बशर अल-असद यांच्यावरचे वॉरंट याच कारणावरून रद्द केले, कारण ते निघाले तेव्हा असद पदावर होते. पद गेल्यावर नवे वॉरंट काढायला ती आडकाठी उरत नाही.

आयसीसीपुढे पदाचा बचाव चालत नाही; रोम करार तसे थेट म्हणतो. वाद आहे तो सदस्य नसलेल्या देशाच्या प्रमुखाला सदस्य देशाने पकडावे का, याचा. अपील पीठाने मे २०१९ मध्ये सुदानचे ओमर अल-बशीर यांना न पकडल्याबद्दल जॉर्डनला चूक ठरवले आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या न्यायालयांपुढे असे संरक्षण नसते असे म्हटले. अनेक सरकारांना हे मान्य नाही.

९. सदस्य देशाने अटक केलीच नाही तर?

न्यायालय 'सहकार्य केले नाही' असा निष्कर्ष काढते आणि प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे पाठवते. मूळ प्रकरण सुरक्षा परिषदेने दिलेले असेल तर परिषदेकडेही. दंडाची तरतूद नाही. मंगोलियाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन यांना पकडले नाही, हंगेरीने एप्रिल २०२५ मध्ये बेंजामिन नेतन्याहू यांना. दोन्ही देशांविरुद्ध असे निष्कर्ष निघाले, त्यापुढे फारसे काही घडले नाही. तरी वॉरंट निष्फळ म्हणता येत नाही. त्याला मुदत नसते, आणि संबंधिताचे विमान कुठून जाईल, कुठे उतरेल, परिषदेला तो स्वतः जाईल की प्रतिनिधी पाठवील, हे सगळे वॉरंट ठरवू लागते.

१०. प्रत्यार्पण आणि सुपूर्दगी एकच का?

नाही. प्रत्यार्पण एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे, सुपूर्दगी देशाकडून न्यायालयाकडे. 'आम्ही आमच्या नागरिकाचे प्रत्यार्पण करत नाही' ही घटनात्मक सबब सुपूर्दगीला लागू पडू नये, म्हणून रोम करारात हा फरक मुद्दाम केला आहे.

११. आयसीसी सोडून दुसऱ्या देशात खटला चालू शकतो का?

हो, आणि अलीकडची बरीच कामे तिथेच झाली आहेत. काही गुन्हे इतके गंभीर मानले जातात की ते कुठेही, कुणीही, कुणाविरुद्धही केलेले असोत, कोणताही देश खटला चालवू शकतो. याला वैश्विक अधिकारक्षेत्र म्हणतात. जर्मनीने २००२ मध्ये तसा कायदा केला. सीरियाच्या गुप्तचर यंत्रणेतील कर्नल अन्वर रस्लान यांना कोब्लेन्झच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप दिली. चाडचे माजी हुकूमशहा हिसेन हब्रे यांच्यावरचा खटला सेनेगलमधल्या डकार इथे, आफ्रिकी संघाच्या मदतीने उभारलेल्या खास पीठापुढे चालला. मे २०१६ मध्ये जन्मठेप झाली.

अट देशागणिक बदलते. काही ठिकाणी आरोपी त्या देशात हजर असल्याशिवाय तपासच सुरू होत नाही. काही ठिकाणी तपास चालतो, खटला मात्र आरोपी आल्यावर. आश्रय मागायला आलेल्यांत साक्षीदार असतात आणि कधी आरोपीही, त्यामुळे आश्रय देणारे खाते आणि युद्धगुन्हे विभाग यांच्यात माहिती जाण्याची व्यवस्था असावी लागते.

१२. देश एकमेकांना पुरावे कशाच्या आधारे देतात? पोलिसांनी फोन करून विचारले तर चालत नाही का?

फोनवरून माग लागतो, पुरावा मिळत नाही. न्यायालयात टिकायचे तर परस्पर कायदेशीर सहाय्याची रीतसर विनंती लागते: कोणते कृत्य, कोणत्या कलमाखाली, नेमका कोणता दस्तऐवज किंवा जबाब हवा आणि तो कोणत्या पद्धतीने नोंदवायचा. 'सगळी माहिती द्या' अशी विनंती हमखास परत येते. अडण्याची नेहमीची कारणे म्हणजे विनंती मिळालेल्या देशात ते कृत्य गुन्हाच नसणे, भाषांतर कच्चे असणे, आणि विनंती करणाऱ्या देशात मृत्युदंड असणे. तिसऱ्या बाबतीत 'फाशी दिली जाणार नाही' अशी लेखी हमी मागितली जाते.

बराच काळ या गुन्ह्यांसाठी सहकार्याचा सर्वसमावेशक करारच नव्हता. २६ मे २०२३ रोजी लुब्लियानात त्यासाठीचा करार मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगमध्ये तीसहून अधिक देशांनी त्यावर सह्या केल्या. पुराव्यांची देवाणघेवाण, प्रत्यार्पण, संयुक्त तपास पथके, साक्षीदारांचे संरक्षण हे सगळे त्यात आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र जागतिक करार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद २०२८ आणि २०२९ मध्ये व्हायची आहे.

१३. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो का?

चालतो. लिबियाचे महमूद अल-वरफल्ली यांच्यावरचे ऑगस्ट २०१७ मधले वॉरंट मुख्यतः समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींवर आधारलेले होते. पण वॉरंटला पुरणारे खटल्याला पुरेलच असे नाही (प्रश्न ६).

मूळ फाइल जपा. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेली प्रत आकाराने लहान होते आणि वेळ, ठिकाण यांची अंगभूत माहिती बऱ्याचदा पुसली जाते. फाइलचा हॅश, म्हणजे संगणकी ठसा, लगेच काढून ठेवा. नंतर कुणी फेरफार केला तर तो बदललेला दिसतो. छाटणी, मथळा, संगीत काहीही मूळ फाइलवर करू नका. कोणी चित्रित केले आणि फाइल कुणाच्या हातून कुणाकडे गेली, ते तारखेसह लिहा. चित्रात खुणेची इमारत, डोंगररेषा किंवा सावली असेल तर ठिकाण आणि वेळ पडताळता येते.

आणि एक गोष्ट करूच नका: पीडितांचे सविस्तर जबाब स्वतः घेत सुटू नका. एकाच व्यक्तीचे चार संस्थांनी चार वेळा जबाब घेतले की त्यांत बारीक फरक पडतात, आणि बचाव पक्षाचा वकील नेमके तेच फरक उलटतपासणीत समोर ठेवतो. नाव, संपर्काचा मार्ग, ढोबळ माहिती आणि पुढे देण्याची संमती एवढे पुरे.

१४. सामान्य माणूस आयसीसीकडे तक्रार करू शकतो का?

खटला दाखल करता येत नाही, माहिती पाठवता येते. अभियोक्ता कार्यालयाचे त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. कृत्य कुठे आणि कधी झाले, कोणत्या सदस्य देशाशी संबंध आहे, ते कसे कळले (डोळ्यांनी पाहिले की ऐकले), हे स्पष्ट लिहा. बरीच पत्रे पहिल्या चाळणीतच बाद होतात, कारण ती दिवाणी वाद, नोकरी किंवा एकट्यादुकट्या गुन्ह्याबद्दल असतात.

१५. 'मला वरून हुकूम होता' हा बचाव चालतो का?

जवळजवळ नाही. हुकूम पाळण्याचे कायदेशीर बंधन, हुकूम बेकायदा असल्याचे माहीत नसणे आणि तो उघड बेकायदा नसणे या तिन्ही अटी लागतात. वंशसंहाराचा आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा हुकूम करारानुसार नेहमीच उघड बेकायदा. उलट्या बाजूने, वरिष्ठाने हुकूम दिला नसला तरी हाताखालच्यांचे गुन्हे माहीत असून रोखले नाहीत तर तोही जबाबदार. बेम्बा अपिलात सुटले ते 'रोखण्यासाठी वाजवी उपाय केले का' याच मुद्द्यावर.

१६. फाशी होते का? शिक्षा कुठे भोगतात?

फाशी नाही. कमाल ३० वर्षे, अत्यंत गंभीर प्रकरणात जन्मठेप. हेगमध्ये आहे ते खटल्यादरम्यानचे कोठडीगृह, तुरुंग नव्हे. शिक्षा भोगायला तयारी दाखवलेल्या देशात पाठवतात: काँगोतले बंडखोर नेते बोस्को न्तागांडा बेल्जियमला, युगांडातल्या बंडखोर सैन्याचे कमांडर डॉमिनिक ओंगवेन नॉर्वेला. दोनतृतीयांश शिक्षा झाली की कपातीचा विचार होतो, जन्मठेपेत २५ वर्षांनी.

१७. पीडितांना भरपाई मिळते का?

आदेश होतो, पण आरोपी बहुधा कंगाल ठरतो. मग पीडितांसाठीचा निधी देशांकडून देणग्या गोळा करतो. ओंगवेन प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ५ कोटी २४ लाख युरोंचा आदेश झाला; ४९,७७२ संभाव्य पीडित गृहीत धरून प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक रक्कम आणि बाकी सामूहिक पुनर्वसन. आदेशाचा आकडा आणि निधीत खरोखर असलेला पैसा यांतली दरी मोठी आहे.

१८. देश करारातून बाहेर पडला तर वॉरंट संपते का?

नाही. बाहेर पडणे सूचनेनंतर एक वर्षाने लागू होते आणि सदस्य असतानाच्या कृत्यांवरचा अधिकार राहतो. बुरुंडीची माघार २७ ऑक्टोबर २०१७ रोजी लागू होणार होती; न्यायाधीशांनी तपासाला परवानगी दिली २५ ऑक्टोबरला. दुतेर्ते यांच्यावरचे आरोप मार्च २०१९ पर्यंतचे आहेत, कारण फिलिपिन्स तेव्हा बाहेर पडला.

१९. २००२ पूर्वीच्या अत्याचारांचे काय?

आयसीसी हात लावू शकत नाही. त्यासाठी युगोस्लाव्हिया (१९९३) आणि रवांडा (१९९४) यांची न्यायाधिकरणे सुरक्षा परिषदेने नेमली, तर सिएरा लिओन आणि कंबोडियात करारांनी मिश्र (देशी आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधीश असलेली) न्यायालये झाली. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि त्यांतला एकही शेवटी फरार राहिला नाही. युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची बोलणी आरोपींना हवाली करण्याशी जोडली गेली होती, हे त्यामागचे मोठे कारण. या गुन्ह्यांना मुदतबंदी लावायची नाही हे तत्त्व असल्याने देशांतर्गत खटले आजही होऊ शकतात (प्रश्न ११).

२०. आरोपी सापडतच नसेल तर गैरहजेरीत खटला?

आयसीसीत खटला नाही. आरोपनिश्चिती मात्र होऊ शकते. युगांडातल्या त्याच बंडखोर सैन्याचे प्रमुख जोसेफ कोनी यांच्यावर २००५ मध्ये वॉरंट निघाले. त्यांच्याविना आरोपनिश्चितीची सुनावणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. त्यामुळे साक्षी-पुरावा नोंदीवर येतो, पण पुढचा खटला ते हजर झाल्यावरच.

२१. गुन्हेगार स्वतःच बालसैनिक असेल तर?

कृत्यावेळी वय १८ च्या आत असेल तर आयसीसीचा अधिकार नाही. ओंगवेन यांना लहानपणी कोनी यांच्या सैन्याने पळवून नेले होते, पण खटला त्यांच्या प्रौढपणीच्या ७० आरोपांवर होता, त्यांतले ६१ सिद्ध झाले. पळवून नेले जाणे शिक्षा ठरवताना विचारात घेतले गेले, दोष ठरवताना नाही. शिक्षा २५ वर्षे झाली.

भरती करणाऱ्यासाठी मात्र रेषा वेगळी आहे: रोम करारात १५ वर्षांखालच्या मुलांची भरती हा युद्धगुन्हा. काँगोतल्या सशस्त्र गटाचे नेते थॉमस लुबांगा २०१२ मध्ये याच आरोपावर दोषी ठरले. मध्ये १५ ते १७ ची पोकळी उरते. त्या वयाच्या मुलावर हेगमध्ये खटला चालत नाही, आणि त्याला भरती करणाऱ्यावर तेवढ्या कारणासाठी चालत नाही. बालहक्क कराराच्या २००० च्या जोडकरारात सशस्त्र गटांना १८ खालच्यांची भरती निषिद्ध आहे, पण त्याची अंमलबजावणी देशाच्या कायद्यावर सोडली आहे.